'कीचकवध'कर्ते खाडिलकर : दास्य, वेषांतर आणि माध्यमांतर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्याविषयीच्या लेखनात दोन खाडिलकर वेगवेगळे वावरताना दिसतात. एक 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या संगीत नाटकांचे कर्ते. दुसरे 'केसरी'चे संपादक आणि लोकमान्य टिळकांचे विश्वासू सहकारी. पहिल्याचा अभ्यास संगीत रंगभूमीचे अभ्यासक करतात, दुसऱ्याचा वृत्तपत्रांचे इतिहासकार. या दोहोंना जोडणारे जे नाटक, त्या 'कीचकवधा'चा (१९०७) निर्देश मात्र बहुतेक ठिकाणी सरकारने बंदी घातलेले एक राजकीय रूपक एवढ्यावरच थांबतो. राज्यकर्ता वंश आणि जित वंश यांच्यातील संबंध हा या नाटकाचा खरा विषय आहे. हा विषय खाडिलकरांपर्यंत कसा आला, त्यांनी त्याला कोणते रूप दिले आणि तीच कथा रंगभूमीवरून पडद्यावर जाताना त्यातले काय टिकले, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

खाडिलकरांचा जन्म नोव्हेंबर १८७२ मध्ये सांगलीस झाला. सांगली हे मराठी नाटकाचे माहेर. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला तो येथेच, आणि गोविंद बल्लाळ देवल हेही सांगलीलगतच्या हरिपूरचे. संस्थानी गावात वाढलेल्या मुलाला इंग्रज सत्ता रोज डोळ्यांसमोर दिसत नसे. राजा आपला असे आणि त्याच्या पाठीमागे कोणी दुसराच असे. आम्हा मराठवाड्यातील वाचकांना ही स्थिती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. राजाच्या दरबारात खरी सत्ता दुसऱ्याच माणसाच्या हाती असणे, ही 'कीचकवधा'तील विराटाच्या घरची परिस्थिती खाडिलकरांना केवळ महाभारतातूनच परिचित होती असे मानण्याचे कारण नाही.

ते दहा वर्षांचे असताना, १८८३ मध्ये, इल्बर्ट विधेयकाचे वादळ उठले. हिंदी न्यायाधीशापुढे युरोपियन आरोपी उभा करावा की नाही, हा त्या वादाचा विषय होता. हिंदुस्थानातील गोऱ्या समाजाने त्याला असा कडवा विरोध केला की अखेर सरकारला विधेयक सौम्य करून घ्यावे लागले. कायद्यापुढे सर्व सारखे, हे राणीच्या जाहीरनाम्यातले आश्वासन कातडीच्या रंगाशी येऊन थबकते, हे सुशिक्षितांच्या एका संपूर्ण पिढीने त्या वेळी पाहिले. खाडिलकर त्याच्या पुढच्या पिढीचे. ही गोष्ट त्यांना नव्याने कळायची नव्हती, ती गृहीतच होती.

१८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. शेक्सपिअरचा संस्कार त्यांच्यावर खोल झाला आणि तो प्रथम 'सवाई माधवरावांचा मृत्यू' या गद्य शोकांतिकेत उमटला. 'हॅम्लेट' आणि 'ऑथेल्लो' यांची छाया या नाटकावर आहे, हे समीक्षकांनी वारंवार दाखवून दिले आहे. केशवशास्त्री ही व्यक्तिरेखा तर इयागोवरून घडवलेली. येथे एक गोष्ट विचारार्थ मांडावीशी वाटते. 'ऑथेल्लो' हे वर्णभेदाच्या प्रश्नावरचे जगातील सर्वाधिक खेळले गेलेले नाटक आहे. मराठीत देवलांनी १८९० मध्ये त्याला 'झुंझारराव' केले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी ते गाजविले. पण एतद्देशीय पेहराव चढताच नायकाच्या काळेपणाचा प्रश्न मागे पडला आणि संशयाची शोकांतिका तेवढी उरली. खाडिलकरांनीही संशय पेरणारा इयागो घेतला. व्हेनिसच्या दरबारातला परक्या वंशाचा सेनापती घेतला नाही. वर्णाचा प्रश्न त्यांच्या नाटकात आला तो पुढे दहाएक वर्षांनी, आणि शेक्सपिअरच्या वाटेने नव्हे, तर विराटपर्वाच्या वाटेने.

'केसरी'शी त्यांचा संबंध शतकाच्या अखेरीस जुळला. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, त्या काळात ते टिळकांच्या वर्तुळात आलेले होते. पुढे काही वर्षे त्यांनी नेपाळात काढली. वरकरणी कौलांचा कारखाना आणि अंतस्थ हेतू शस्त्रनिर्मितीचा, असा तो उद्योग होता. तो सिद्धीस गेला नाही. चरित्रकार या प्रकरणाचे साहस म्हणून वर्णन करतात. नाटककाराच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. एक पदवीधर ब्राह्मण पत्रकार आपली ओळख लपवून परमुलखात कारखानदार म्हणून राहिला. अज्ञातवास म्हणजे काय याचा त्याला अनुभव आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याने जे नाटक लिहिले त्यातील प्रमुख पात्रे नाव बदलून दुसऱ्याच्या घरी चाकरी करणारी आहेत.

या वर्षांत हिंदुस्थानच्या राजकारणावर लॉर्ड कर्झन यांची छाया होती. जानेवारी १८९९ पासून नोव्हेंबर १९०५ पर्यंत ते व्हाइसरॉय होते. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातील भाषणात त्यांनी सत्यनिष्ठेचा आदर्श मुख्यतः पाश्चात्त्य आहे, असा अभिप्राय व्यक्त केला. सबंध समाजाला खोटेपणाचा शिक्का मारणारे हे विधान देशभर झोंबले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी बंगालची फाळणी अमलात आली.

परंतु कर्झन यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. १८९९ मध्ये रंगून येथे वेस्ट केंट पलटणीच्या शिपायांनी एका ब्रह्मी स्त्रीवर अत्याचार केला आणि पलटणीने ते प्रकरण दडपण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कर्झन यांनी त्या पलटणीची एडनला रवानगी केली. १९०२ मध्ये सियालकोटला नववी लान्सर्स पलटण आली असता तेथील एक हिंदी स्वयंपाकी मारहाणीत मरण पावला, आणि गुन्हेगार हाती लागेनात तेव्हा त्यांनी सगळ्या पलटणीलाच शिक्षा ठोठावली. पुढच्या वर्षी दिल्ली दरबारात ही पलटण संचलनात आली त्या वेळी जमलेल्या युरोपियनांनी तिचा जयघोष केला. तो व्हाइसरॉयच्या तोंडावर केलेला निषेधच होता. वैयक्तिक पातळीवर गोऱ्यांच्या अत्याचारांची चीड असलेला हा प्रशासक मराठी रंगभूमीवर कीचक झाला, यात अन्याय झाला काय? वरवर पाहता झाला. पण खाडिलकरांना एका माणसाच्या दुष्टपणाचे चित्र काढायचे होते असे नाटक वाचताना वाटत नाही. स्वयंपाक्याच्या मृत्यूबद्दल पलटणीला शिक्षा करणारा आणि सबंध प्रजेला असत्यप्रिय ठरविणारा माणूस एकच असू शकतो. दया करायची की अवमान करायचा हे ठरविण्याचा अधिकार ज्या नात्यात एकाच बाजूकडे असतो, ते नाते नाटकाला दाखवायचे होते.

कथावस्तू सर्वपरिचित आहे. अज्ञातवासाचे तेरावे वर्ष. युधिष्ठिर कंकभट्ट झालेला, भीम बल्लव, द्रौपदी सैरंध्री. विराटाचा मेहुणा व सेनापती कीचक सैरंध्रीची मागणी करतो. मूळ महाभारतात कीचक कामांध आहे. खाडिलकरांचा कीचक कामांध आहेच, पण त्याहून अधिक तो अधिकारांध आहे. सैरंध्री सुंदर आहे यापेक्षा ती दासी आहे, आणि दासीची इच्छा विचारात घेण्याची रीत नाही, यावर त्याच्या बोलण्याचा भर आहे. दुर्बल विराट, बहिणीच्या पाशात सापडलेले राजघराणे, आणि जेत्याचा तोरा मिरविणारा सेनापती, ही मांडणी प्रेक्षकाने वर्तमानाशी ताडून पाहावी अशीच आहे.

नाटकाचे नाट्य मात्र कीचकात नाही. ते कंकभट्ट आणि बल्लव यांच्या विरोधात आहे. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, ही अट दोघांनाही ठाऊक आहे. कंकभट्टाचा संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. त्याच्यापाशी हिशेब आहे, करार आहे, धर्म आहे. बल्लवापाशी केवळ समोर घडणारा अपमान आहे. खाडिलकरांची सहानुभूती कोठे आहे हे उघड असले तरी त्यांनी कंकभट्टाची बाजू हलकी केलेली नाही, आणि म्हणूनच हे नाटक प्रचारपत्रकाच्या पातळीवर उतरत नाही. प्रेक्षकांनी या दोघांत नेमस्त आणि जहाल हे काँग्रेसमधील दोन पक्ष पाहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेला काँग्रेस दुभंगली. नाटक आधी आणि घटना नंतर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पुढे काय होणार हे नाटककाराला दिसत होते असे नव्हे. तो वाद घराघरांत इतका पिकलेला होता की रंगभूमीला केवळ त्याचा उच्चार करावयाचा होता.

हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने केले. सुशिक्षित नटांची, गद्य नाटकांना वाहिलेली ही संस्था. इंग्रज सत्तेविषयी एक अक्षरही न बोलता सभागृहातला प्रत्येक जण तेच ऐकत आहे, अशी स्थिती तिच्या प्रयोगात निर्माण होई. याचा सर्वांत तपशीलवार पुरावा एका विरोधकाकडूनच मिळतो, ही गंमतीची गोष्ट आहे. 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी असंतोषावरील ग्रंथात या नाटकाला कित्येक पाने दिली. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर नेमस्त आणि भीम जहाल, ही फोड त्यांनीच इंग्रजी वाचकांपुढे मांडली आणि प्रेक्षकांवर होणाऱ्या परिणामाचे चिंतातुर वर्णन केले. एखाद्या मराठी समीक्षकाने त्या काळात एवढ्या बारकाईने प्रयोगाचे निरीक्षण केले असते तर किती बरे झाले असते! याच चिरोल यांच्यावर टिळकांनी पुढे लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. त्यानंतरच्या दडपशाहीत, १९१० च्या आरंभीच, 'कीचकवधा'वर बंदी आली. नाटकांवर सरकारी नजर ठेवण्याची सोय १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने आधीच झालेली होती. तो कायदा बंगालमधील नाटकांमुळे आलेला. निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांचे अत्याचार दाखविणारे दीनबंधु मित्र यांचे 'नीलदर्पण' (१८६०) हे त्या परंपरेतले आद्य नाटक. त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये तुरुंगवास भोगावा लागला होता. 'नीलदर्पण'कारांनी गोरा माणूस गोरा म्हणूनच रंगभूमीवर आणला. खाडिलकरांनी त्याला कीचकाचा मुकुट घातला. पहिल्या नाटकाला पुराव्यांचे बळ होते, दुसऱ्याला पुराणाचे. सत्तेला दोन्ही असह्य झाली.

येथे एक आक्षेप नोंदविणे अगत्याचे आहे, कारण तो घेतल्यावाचून आजच्या वर्गात हे नाटक शिकविता येत नाही. सैरंध्री दासी आहे, पण ती खरी दासी नव्हे. ती दासीच्या वेषातील राज्ञी आहे. प्रेक्षकाचा संताप उसळतो तो राणीला दासी मानले जाते म्हणून. सुदेष्णेच्या महालात ज्या जन्माने दासी आहेत, त्यांच्यावर कीचकाने हक्क सांगितला असता तर बल्लव उठला असता काय, हा प्रश्न नाटक विचारीत नाही. परवंशाच्या राज्यात आपल्याला हीन लेखले जाते याची तीव्र जाणीव असलेल्या या वर्गाला, आपल्याच समाजात कोणाला जन्मतः हीन लेखले जाते याची तेवढी जाणीव नव्हती. खाडिलकर त्याला अपवाद नाहीत. तो प्रश्न मराठीत जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहून १८५५ मध्येच उपस्थित केला होता, पण ते नाटक त्या काळी रंगभूमीवर आलेच नाही. मामा वरेरकरांच्या 'तुरुंगाच्या दारात' (१९२३) या नाटकाने अस्पृश्यतेचा विषय व्यावसायिक रंगभूमीवर आणला तोपर्यंत 'कीचकवधा'ला सोळा वर्षे होऊन गेली होती. या आक्षेपाने नाटकाचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. त्याची मर्यादा मात्र स्पष्ट होते.

टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर 'केसरी'ची धुरा खाडिलकरांनी वाहिली. 'भाऊबंदकी' (१९०९) हे त्यांचे बांधेसूद ऐतिहासिक नाटक याच धकाधकीतले. १९१० मध्ये ते 'केसरी'तून बाहेर पडले, आणि १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले. बंदीने राजकीय नाटककार संपला आणि संगीत नाटककार जन्मला, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. 'मानापमाना'तील भामिनी श्रीमंतीच्या गर्वाने धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याच्याजवळ जाते. वेषांतर आणि अवमान ही 'कीचकवधा'ची दोन्ही सूत्रे येथे आहेत. फक्त वंशाच्या जागी संपत्ती आली आहे आणि वधाच्या जागी विवाह. गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी आणि बालगंधर्वांच्या गळ्याने या नाटकाला जे वैभव दिले त्यात हे साम्य झाकून गेले. 'स्वयंवर' (१९१६) आणि 'द्रौपदी' (१९२०) यांची चर्चा येथे करीत नाही. ती इतरत्र विपुल झालेली आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा खाडिलकरांची दोन क्षेत्रे एका रात्रीपुरती एकत्र आली, एवढे नोंदविणे पुरे.

दरम्यान कीचकाची कथा दुसऱ्या माध्यमात गेली होती. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये प्रदर्शित केला. त्याला आधार खाडिलकरांच्या नाटकाचा. मूकपटात संवाद नाहीत. म्हणजे कंकभट्ट आणि बल्लव यांचा वाद, जो नाटकाचा प्राण, तोच येथे नाहीसा होतो. उरते ती कृती. आणि ती कृती पडद्यावर इतकी भयंकर व खरी वाटली की कीचकाच्या वधाचे दृश्य अधिकाऱ्यांना खटकले आणि त्याला कात्री लागली. १९१८ च्या कायद्यानुसार चित्रपटांच्या परीक्षणाची व्यवस्था नुकतीच सुरू झाली होती. नाटकाच्या बाबतीत सरकारला अर्थाचे भय वाटले होते. चित्रपटाच्या बाबतीत दृश्याचे वाटले. टिळकांनी बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' म्हणून गौरव केला तो याच चित्रपटाच्या निमित्ताने, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. शब्द काढून घेतल्यावरही प्रेक्षकाला अर्थ पुरवता येत होता, कारण कीचक कोण हे ठाऊक असलेली पिढी चित्रपटगृहात बसलेली होती.

तेरा वर्षांनी प्रभातने 'सैरंध्री' (१९३३) बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, फिल्मवरील रंगप्रक्रिया जर्मनीत करून आणलेली. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपट चालला नाही. त्याची चर्चा आजही होते ती रंगाच्या फसलेल्या प्रयोगाकरिता. आता पात्रांना वाणी परत मिळालेली होती, पण कर्झन प्रेक्षकांच्या स्मरणातून गेले होते, नेमस्त-जहाल हा वादही संपला होता. गांधीजींच्या चळवळीने शस्त्र की संयम हा प्रश्न निराळ्याच पातळीवर नेऊन ठेवला होता. कंकभट्टाचा संयम आणि सत्याग्रह्याचा संयम एक नव्हे. योगायोग असा की त्याच १९३३ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खाडिलकरांकडे होते.

तोवर त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सुरू झाला होता. मार्च १९२३ मध्ये त्यांनी 'नवाकाळ' दैनिक काढले आणि गांधीजींच्या राजकारणाचा पुरस्कार केला. बल्लवाच्या बाजूने लिहिणारा नाटककार कंकभट्टाकडे वळला, असे कोणी म्हणेल; परंतु त्यांच्या दृष्टीने अपमान मुकाट्याने न सोसणे हाच मुद्दा दोन्हीकडे होता. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना कारावास झाला. त्यानंतर ते हळूहळू अध्यात्माकडे वळले.

मुंबईत नभोवाणीचे प्रक्षेपण जुलै १९२७ मध्ये सुरू झाले होते. त्या माध्यमाने खाडिलकरांना घराघरांत नेले खरे, पण कोणते खाडिलकर? नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांतून 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांतील पदे पिढ्यानपिढ्या ऐकू येत राहिली. गद्य नाटकाला ध्वनीचा असा वारसा लाभत नाही. मराठवाड्यातील अनेक वाचकांना खाडिलकर प्रथम भेटले ते आकाशवाणीवरील पदांतून. 'कीचकवध' हाती आले ते पदव्युत्तर अभ्यासक्रमात.

२६ ऑगस्ट १९४८ रोजी खाडिलकरांचे निधन झाले. इंग्रजी सत्ता जाऊन वर्ष झाले होते. माजलगाव, बीड आणि सारा मराठवाडा मात्र त्या दिवशीही निजामी अमलाखाली होता. हैदराबादची शरणागती त्यानंतर बावीस दिवसांनी आली. गश्ती निशाण ५३ सारख्या फर्मानांनी जेथे सभा-संमेलने जखडून टाकली होती, तेथे राजकीय गोष्ट पुराणाच्या आडून सांगण्याची कला खाडिलकरांच्या नाटकानंतर चाळीस वर्षांनीही कालबाह्य झालेली नव्हती.

ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० या काळात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' मालिका दाखविली गेली. रविवारी सकाळी ज्यांच्या घरी संच होता त्यांच्याकडे शेजारपाजारची माणसे जमत, रस्ते ओस पडत. त्यात कीचकप्रकरणही होते. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग या कथेला पूर्वी कधीच लाभलेला नव्हता, आणि त्यातला कीचक फक्त कीचक होता. त्याच्या मागे दुसरे कोणी पाहावे अशी पाहणाऱ्यांनाही निकड नव्हती. सैरंध्री तेथेही दासीच्या वेषातील राणीच होती, आणि सुदेष्णेच्या महालातल्या इतर दासी पूर्वीप्रमाणेच मागच्या बाजूला, हातात तबके घेऊन उभ्या होत्या.